खानोलकरांचे सत्तावीस रकाने

आमच्या सोसायटीत नंदकिशोर खानोलकरांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. खुर्चीत ते असतात, नाही असं नाही. पण त्याला बसणं म्हणवत नाही. उजवा पाय हलत असतो, डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरतात, आणि दर दोन मिनिटांनी उठून ते गॅलरीतून खाली डोकावून येतात. खाली त्यांची स्कूटर उभी असते. ती कुठे जाणार नसते. तरी बघून येतात.

"देवाने ह्यांना खाली ठेवलंच नाही, नुसतं टेकवलंय," असं त्यांच्या मिसेस वैजयंतीबाई म्हणतात.

खानोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे, वाढले लालबागला, स्थिरावले नेरूळला. 'स्थिरावले' हा शब्द फक्त रेशनकार्डापुरता. वय छप्पन्न. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत अभिलेख शाखेत वरिष्ठ लिपिक. म्हणजे कागदाला नंबर द्यायचा, नंबराला कप्पा द्यायचा, आणि कुणी मागितलाच तर तो सापडून दाखवायचा. तिथे मात्र त्यांच्या अस्वस्थपणाचा उपयोग होतो. फाईल सापडेपर्यंत हा माणूस पाणी पीत नाही.

स्कूटर वीस वर्षांची. निळी, गिअरवाली, पत्र्याच्या बॉडीची. रोज सकाळी सव्वानऊला ती दोघांना घेऊन नेरूळहून बेलापूरला निघायची. वैजयंतीबाई तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात आहेत. जायला वीस मिनिटं, यायला पंचवीस. आणि त्यांचा संसार जो काय होता तो ह्या पंचेचाळीस मिनिटांत होता. घरात त्यांचं बोलणं म्हणजे "गॅस बंद केला का?" आणि "टॉवेल कुठाय?" खरं बोलणं स्कूटरवर. वैजयंतीबाई मागून त्यांच्या डाव्या कानाशी वाकायच्या आणि सुरू व्हायच्या: मुख्याध्यापिकेने काय टोमणा मारला, बहिणीच्या घरी काय चाललंय, बंगळुरूच्या आपल्या गीतांजलीच्या मनात लग्नाचं काही आहे की नाही. खानोलकर हेल्मेट हलवून होकार द्यायचे. हेल्मेटमुळे बाईंना आवाज चढवून बोलावं लागे, त्यामुळे किल्ला जंक्शनच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही सगळं कळायचं. एकाने तर गीतांजलीच्या बाबतीत सल्लाही दिला होता. बरा होता.

तर ह्या माणसाला चक्कर यायला लागली.

पहिल्यांदा कचेरीच्या जिन्यात. दुसऱ्यांदा कपाटाच्या खालच्या कप्प्यातून फाईल काढून उभं राहताना. तिसऱ्यांदा किल्ला जंक्शनला, सिग्नल सुटायच्या क्षणी. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, दोन्ही पाय जमिनीला टेकले पण जमीन टेकेना, आणि स्कूटर डिव्हायडरच्या बाजूला कलली. मागून वैजयंतीबाईंनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. पाठीमागे बस उभी होती. बसवाल्याने हॉर्न वाजवला नाही, एवढं नशीब.

बाईंनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावली. त्या चेनचा आवाज आपल्याला अजून ऐकू येतो, असं खानोलकर सांगतात.

डॉक्टर स्मिता बोरकर त्यांच्या घरच्याच डॉक्टर. ब्लडप्रेशरची गोळी त्यांनीच सुरू केलेली, त्याआधीच्या दिवाळीत. त्यांनी कान तपासले, मान तपासली, साखर, हिमोग्लोबिन, छातीची पट्टी. सगळं नॉर्मल.

"टेन्शन घेता का फार?"

"मी घेत नाही. ते येतं."

"गोळ्या नियमित आहेत ना?"

"डॉक्टर," खानोलकर जरा दुखावून म्हणाले, "महिनाअखेरीला स्ट्रिपमध्ये एक गोळी शिल्लक राहत नाही. एक कमी पडत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. अशी खात्री देणारे पेशंट त्यांना कमीच मिळत असावेत.

घरी आल्यावर वैजयंतीबाईंनी निकाल सांगितला. "हे बघा. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला स्कूटरचं रजिस्ट्रेशन संपतंय. दोन महिने आहेत. त्याच्या आत चक्कर का येते ते कळलं, तर पुढची पाच वर्षं वाढवून आणा. नाही कळलं, तर गाडी कुंदनभावजींना देऊन टाकायची. विषय संपला."

कुंदन घरत म्हणजे कचेरीत खानोलकरांच्या शेजारच्या टेबलावरचे. जासईचे. त्यांचा त्या स्कूटरवर जुना डोळा.

"दादूस, आमचे दारात दोन गाऱ्या हायत," कुंदन सांगायचे. "पन रोडला ट्रेलरची लाईन लागली का एक पन गारी बाहेर निंगत नाय. तुमची इस्कूटर कशी, दोन कंटेनरचे मधून सटकंल! इकाची असंल तं पयलं मना सांगा."

"विकायची नाहीये."

"मंग वयनी काल फोनवर काय बोलल्या?"

खानोलकर त्या दिवशी अकरा वेळा पाणी प्यायला उठले. आकडा अंदाजाचा नाही. त्या दिवसापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली होती.

गीतांजलीने बाबांच्या वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं होतं. पावलं, ठोके, झोप, सगळं मोजणारं. ते तोवर डब्यातच होतं. आता बाहेर आलं. त्यात एक सोय अशी होती की माणूस तासभर बसून राहिला की ते थरथरून सांगणार, उठा, जरा हला. खानोलकरांच्या हातावर ते ह्या कारणासाठी एकदाही थरथरलं नाही. उलट पहिल्याच दिवशी घड्याळाने संध्याकाळपर्यंत एकोणीस हजार पावलं दाखवली. एवढी पावलं म्हणजे माणूस पनवेलला चालत पोचायला हवा. चौकशीअंती कळलं, की निम्मी पावलं टेबलावर वाजवलेल्या ठेक्याची. मग खानोलकरांनी दोन रकाने केले: 'पावलं (पायांची)' आणि 'पावलं (हातांची)'.

हां, रकाने. लॅपटॉपवर त्यांनी एक तक्ता उघडला. तारीख, वार, झोप, ठोके, सकाळचं आणि दुपारचं ब्लडप्रेशर, त्यासाठी यंत्र आणलं आणि ते कचेरीच्या ड्रॉवरात ठेवलं. सकाळचं जेवण, चार वाजताचं खाणं, रात्रीचं जेवण, चहा, पाणी, आंघोळीचं पाणी (कोमट/कडक), वाकून केलेली कामं, चढलेले जिने, बसमध्ये उभं की बसून, साहेबांचा मूड, घरात वाद (असल्यास विषय), चक्कर (होय/नाही) आणि सगळ्यात शेवटी, कुठल्याही सरकारी तक्त्यात असतो तसा, 'शेरा'. एकूण सत्तावीस. चारदा गोळ्याही मोजल्या. हिशेब लागतोय म्हटल्यावर त्यांना रकाना दिला नाही.

सरकारी कागदात जागा कोरी सोडायची नसते. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. चौतीस वर्षांची सवय. ती छातीच्या ठोक्यांच्या तक्त्यातही आली. 'घरात वाद : निरंक.' हे वाचून वैजयंतीबाई म्हणाल्या, "कसला वाद होणार? बोलणंच निरंक आहे."

ते खरं होतं. आता दोघं बसने जायची. बाई पुढे बायकांच्या सीटवर, खानोलकर मागे दांड्याला धरून. बोलायचं साठत चाललं होतं. एकदा बाईंनी पुढून मागे वळून दोन्ही हातांनी काहीतरी हलवून दाखवलं. खानोलकरांना वाटलं, उतरायचंय. ते उतरले. बस गेली. संध्याकाळी कळलं, बहिणीच्या सुनेला मुलगा झाला, एवढंच त्या सांगत होत्या. तोवर बातमी जुनी झाली होती, आणि बाईंना पुन्हा सांगायचा उत्साह राहिला नव्हता.

दीड महिना गेला. तक्ता भरत होता आणि कारण सापडत नव्हतं. मधल्या काळात चक्कर आणखी दोनदा आली. एकदा बसमध्ये, एकदा साहेबांसमोर. साहेबांना वाटलं, आपल्या ओरडण्याने आली. पुढचे चार दिवस ते खानोलकरांशी फार गोड वागले. 'साहेबांचा मूड : उत्तम' अशा चार नोंदी सलग तेव्हा झाल्या.

खानोलकर आता घरात येरझारा घालायचे. हॉल ते किचन चौदा पावलं, किचन ते गॅलरी बावीस. कधी त्यांना वाटे चहाच. चहा सोडला, तीन दिवस डोकं दुखलं, सुरू केला. कधी वाटे कडक पाणी. कधी उशी. उशी सोडली तर मान आखडली. सोसायटीतल्या विलासरावांनी सांगितलं की पत्रिकेत बघा. त्यासाठी रकाना करायचा की नाही ह्यावर खानोलकर अर्धा दिवस अडले होते.

बावीस तारखेला ते डॉक्टरांकडे छापील कागद घेऊन गेले. वर मथळा: 'गोषवारा'. दीड महिन्याच्या नोंदींचा एका पानात सारांश. ब्लडप्रेशरची सरासरी एकशे सव्वीस.

"छानच आहे की," डॉक्टर म्हणाल्या. मग खाली बारीक अक्षरांत त्यांना एक ओळ दिसली. "हे काय? 'विसंगत नोंदी वगळून'?"

"यंत्र मधूनच काहीतरी भलतं दाखवतं. एकदम दीडशेच्या वर, नाहीतर दुसऱ्या दिवशी शंभराच्या आत. तशा नोंदी काढून टाकल्या. गोषवारा स्वच्छ हवा ना."

बाहेर तेवढ्यात एक लहान मूल जोरात रडायला लागलं. "त्या वगळलेल्या पण आणा पुढच्या वेळी," असं डॉक्टर म्हणाल्या खऱ्या, पण उठता उठता.

सव्वीस तारीख उजाडली. राहिले चार दिवस. कुंदननी स्कूटरसाठी नवीन कव्हर बघून ठेवल्याचं कचेरीत कळलं होतं. खानोलकरांना एक नवीनच शंका आली: कामवाल्या बाई येत नाहीत त्या दिवशी केर आपण काढतो. वाकून. वाकलं की डोक्यात रक्त उतरतं. म्हणजे चक्कर आणि बाईंच्या दांड्या एकाच दिवशी असणार!

बाईंच्या दांड्या कुठे लिहिलेल्या असतात? किचनच्या दारामागच्या कॅलेंडरवर. प्रत्येक घरात असतं तसं: दूध आलं नाही तिथे फुली, बाई आल्या नाहीत तिथे गोल, पाहुणे, वाढदिवस, गॅलरीतल्या कढीपत्त्याला खत. हे सगळं वैजयंतीबाईंच्या हातचं, जाहिरातीतल्या फुकट पेनाने. खानोलकर लॅपटॉप एका हातावर तोलून दारामागे उभे राहिले.

बाईंच्या गोलांशी चक्कर जुळेना. पण कॅलेंडरवर आणखी एक अक्षर होतं, जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एका चौकोनात बारीक 'ग'. मागचं पान उलटलं. तिथे 'ग'. त्यामागे 'ग'.

"अगं, हा 'ग' कसला?"

"तुम्हाला गरगरलं ना," ओट्याशी पाठ करून बाई म्हणाल्या. "लिहून ठेवते. तुम्हालाच लिहिता येतं असं थोडंच आहे?"

पाच 'ग'. खानोलकरांचा हलता पाय थांबला. पाचही चौकोनांच्या अलीकडच्या चौकोनात काहीतरी छापलेलं होतं. एकादशी. संकष्टी. एकादशी. एकादशी. संकष्टी.

त्यांच्या तक्त्यात तारीख होती, वार होता, हातांची पावलं होती. तिथी नव्हती. खानोलकर दोन्ही एकादश्या आणि संकष्टी करतात, वडिलांपासून चालत आलेलं. एकादशीला खाण्याच्या तिन्ही रकान्यांत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: निरंक, निरंक, निरंक. संकष्टीला चंद्रोदयानंतरचं जेवण तेवढं होतं.

काढून टाकलेल्या विसंगत नोंदी त्यांनी परत आणल्या. दीडशेच्या वरचा आकडा: उपवासाचा दिवस. शंभराच्या आतला: दुसरा दिवस. कचेरी होती तेव्हा प्रत्येक वेळी. यंत्र बिचारं खरं बोलत होतं, आणि खानोलकरांनी त्याला कार्यालयातून काढून टाकलं होतं. मग बाकीच्या उपवासांनंतर चक्कर का नाही? तेही सापडलं. तेव्हा दुसरा दिवस शनिवार नाहीतर रविवार होता, आणि सुट्टीच्या दिवशी खानोलकर पेपर घेऊन आडवे असतात. आडवा माणूस गरगरला तरी पडणार कुठे?

सत्तावीसला दोघं डॉक्टरांसमोर. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला पिशवीतून आणलेलं कॅलेंडर, खिळ्याच्या दोऱ्यासकट.

डॉक्टरांनी दोन्ही नीट पाहिलं. मग चष्मा वर करून विचारलं, "उपवासाला गोळी घेता ना?"

"कशी घेणार?" खानोलकर म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय. 'रोज एक, सकाळी जेवणानंतर.' उपवासाला जेवण नसतं."

"मग त्या दिवसाची गोळी?"

"दुसऱ्या दिवशी दोन. बुडवायची कशाला? म्हणून तर महिनाअखेरीला शिल्लक राहत नाही."



"आणि उपवासाला दोन बशा साबुदाण्याची खिचडी," वैजयंतीबाई हळूहळू मोजायला लागल्या, "चारला बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू तीन, जाता-येता शेंगदाणे. ते काय असतं?"

"ते फराळाचं."

"पोटाला कळतं होय, जेवण कुठलं नि फराळ कुठला?"

"पोटाचं माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "गोळीला अजिबात कळत नाही. खानोलकर, एक दिवस गोळी नाही, दुसऱ्या दिवशी दोन; तुम्ही स्वतःला झोपाळ्यावर बसवलं होतंत. एक चुकली तर चुकली. दोन घ्यायच्या नाहीत. मला विचारायचं." आणि त्यांनी चिठ्ठीवर 'जेवणानंतर' खोडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'रोज सकाळी नऊ वाजता. उपवास असो, नसो.' "गाडी इतक्यात नाही. पुढचे तीन उपवास आणि त्यांचे दुसरे दिवस नीट जाऊ देत."

खानोलकरांना हसू आलं. जिना उतरताना ते म्हणालेसुद्धा, "बघ, एवढंसं होतं!" बाई हसल्या नाहीत. मधल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी मागे मी होते. बस केवढी जवळ होती, तुम्ही बघितली नाहीत. मी बघितली."

त्या रात्री खानोलकरांचा पाय अजिबात हलला नाही. घड्याळ एकदाच काय ते थरथरलं: उठा, जरा हला.

तीस तारखेला रजिस्ट्रेशनसाठी गाडी तपासणीला न्यायची होती. खानोलकरांना चालवायची मनाई. मग कोण नेणार? कुंदन घरत. ज्यांना गाडी हवी होती तेच ती वाचवायला घेऊन गेले. मागे खानोलकर.

"दादूस, सरल बसा ना! गारी हलते."

"गिअर हळू टाक. दुसरा जरा अडतो."

"अडत नाय. तुमीच अडताय."

परत आल्यावर कुंदननी किल्ली वैजयंतीबाईंच्या हातात दिली. "वयनी, गारी लय झ्याक हाय. पन ह्यांना मागं घेऊन परत नाय जानार. टायर बिघरल." आणलेलं नवीन कव्हरही त्यांनी परत नेलं नाही. स्कूटरवर घालून गेले.

तीन उपवास. एक महिना. खानोलकरांनी आयुष्यात सरकारी बढतीची वाट पाहिली नसेल एवढी त्या तीन तिथींची पाहिली. फराळ आता तक्त्यात यायला लागला. पहिल्या एकादशीच्या नोंदीला रकाना पुरेना, रुंद करावा लागला. दुसऱ्या दिवशी कचेरीत कुंदन दर तासाला त्यांच्याकडे बघून वैजयंतीबाईंना 'उभे हायत' असा मेसेज करायचे. संकष्टी गेली. दुसरी एकादशी गेली. कॅलेंडरच्या त्या पानावर 'ग' नव्हता. त्याच्या जागी बाईंनी काही लिहिलंही नव्हतं, चौकोन कोरा. खानोलकरांचा हात शिवशिवला, पण त्यांनी तिथे 'निरंक' लिहिलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी सव्वानऊला पर्सच्या चेनचा आवाज झाला.

नेरूळचं वळण घेईपर्यंत वैजयंतीबाई गप्प होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी नवऱ्याचा शर्ट धरला होता, नेहमी एकाच हाताने धरायच्या. पहिल्या सिग्नलला एक हात सुटला. मग त्या डाव्या कानाशी वाकल्या. "अहो, ऐका..." आणि तीन महिन्यांचं सुरू झालं. बहिणीच्या नातवाचं बारसं. मुख्याध्यापिकेची रजा. गीतांजलीने फोनवर एका मुलाचं नाव दोनदा घेतलं, दोनदा, एकाच फोनमध्ये. किल्ला जंक्शन आलं, शाळेचं वळण आलं, गेलं. बाई थांबल्या नाहीत आणि खानोलकरांनी सांगितलं नाही. उरणच्या रस्त्याला कंटेनर दिसायला लागले तेव्हा बाईंनी विचारलं, "अहो, हे आपण कुठे आलो?"

त्या दिवशी दोघांनाही लेटमार्क लागला. कचेरीत पोचताच खानोलकरांनी तक्ता उघडला. ब्लडप्रेशर एकशे चोवीस. चक्कर : नाही. आणि जो रकाना गेले तीन महिने निरंक होता, त्या 'शेरा'मध्ये लिहिलं: 'उशीर बावीस मिनिटे. कारण वैध.'

मग उठून ते खिडकीतून खाली डोकावून आले. स्कूटर होती.